नरसी ते घुमान : मालाला वाट, माणसाला अटकाव

२०२५ या एकाच सालात भारताच्या वेशीवरील दोन दारांसंबंधी दोन निर्णय झाले. ७ मे रोजी पंजाबातील डेरा बाबा नानक येथून पाकिस्तानातील करतारपूरच्या गुरुद्वाऱ्याकडे जाणारा मार्ग यात्रेकरूंना बंद करण्यात आला. पुढे १९ ऑगस्टला परदेशी कापसावरील ११ टक्के आयात शुल्क केंद्र सरकारने स्थगित केले. ही सवलत आधी ३० सप्टेंबरपर्यंत होती, ती मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढविण्यात आली. पहिल्या निर्णयाने भाविकाची वाट अडली, दुसऱ्याने जहाजातून येणाऱ्या रुईच्या गाठींची वाट मोकळी झाली. दोन्ही निर्णय वेगवेगळ्या खात्यांचे, वेगवेगळ्या कारणांसाठी घेतलेले, त्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणीही विचारील. परंतु परभणी जिल्ह्याच्या भूमीवरून या दोहोंकडे पाहिले म्हणजे संबंध दिसू लागतो. या जिल्ह्याचा शेतकरी कापूस पिकवतो, आणि याच जिल्ह्याच्या मातीतून एक शिंपी साडेसहाशे-सातशे वर्षांपूर्वी पंजाबात गेला व तेथल्या लोकांचा होऊन राहिला. मालाची वाट आणि माणसाची वाट यांपैकी राज्यकर्ते कोणती जपतात, हा प्रश्न म्हणूनच येथे परका वाटत नाही.

संत नामदेवांचे मूळ गाव म्हणून वारकरी परंपरा नरसीचे नाव घेते. हे गाव आता हिंगोली जिल्ह्यात मोडते; १ मे १९९९ रोजी नवा जिल्हा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यात होते. ज्या औंढ्याला विसोबा खेचरांकडून नामदेवांना उपदेश मिळाला असे मानतात, तेही त्याच मुलखातले. आणि नामदेवांच्या घरी दळण-कांडण करता करता ज्यांची वाणी फुलली त्या जनाबाई गोदाकाठच्या गंगाखेडच्या. गंगाखेड आजही परभणी जिल्ह्यातच आहे. नामदेवांचा काळ परंपरेने १२७० ते १३५० असा धरतात. ज्ञानेश्वरांच्या सोबतीने त्यांनी तीर्थयात्रा केली. १२९६ साली आळंदीला ज्ञानेश्वरांनी समाधी घेतल्यानंतर पुढे कधी तरी नामदेव उत्तरेकडे निघाले, आणि आयुष्याची अखेरची अनेक वर्षे त्यांनी आजच्या गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान येथे काढली, अशी पंजाबची श्रद्धा आहे.

या प्रवासाचे मोल कोसांनी मोजता येत नाही. यात्रेकरू तीर्थ पाहून परततो. नामदेव परक्या प्रदेशात राहिले, तेथली बोली त्यांनी आपलीशी केली आणि त्या बोलीत रचना केल्या. त्यांची ६१ पदे शीखांच्या गुरु ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. मराठी मुलखातला हा संत पंजाबच्या घराघरांत ‘भगत नामदेव’ झाला. पुढे या कथेला इतिहासानेच एक विलक्षण वळण दिले. १६०४ साली गुरु अर्जुनदेवांनी जो ग्रंथ सिद्ध केला, त्याला अखेर गुरुपद दिले गेले ते १७०८ साली, गुरु गोविंदसिंगांच्या अंतसमयी, गोदावरीकाठच्या नांदेडला. मराठवाड्यातून निघालेले शब्द चार शतकांनी गुरुपदाला पोचले ते मराठवाड्यातच. दोन प्रांतांतील देण्याघेण्याचा हिशेब असा फेडला जातो, आणि तो कोणत्याही दरबाराच्या तहनाम्यात लिहिलेला नसतो.

आज नांदेडहून अमृतसरला जाणारी सचखंड एक्स्प्रेस पूर्णा, परभणी, सेलू, जालना या मार्गाने रोज धावते. सुमारे दोन हजार किलोमीटरचे अंतर ती दीड दिवसात तोडते, आणि वाटेत काही स्थानकांवर प्रवाशांना लंगरचे अन्न विनामूल्य मिळते. कोणाची जात, कोणाचा धर्म, कोणाचे तिकीट कोणत्या वर्गाचे, हे त्या पंगतीला कोणी विचारीत नाही. एप्रिल २०१५ मध्ये डॉ. सदानंद मोरे यांच्या अध्यक्षतेखाली ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन घुमानला भरले, तेव्हा महाराष्ट्रातून शेकडो माणसे त्या छोट्या गावात जाऊन राहिली. तेथे मराठी साहित्यिकांचे स्वागत झाले ते नामदेवांच्या गावची माणसे म्हणून. सातशे वर्षे टिकलेली ही मैत्री आहे. साम्राज्ये आली आणि गेली, ती राहिली.

मैत्री टिकते कशावर, याचेही उत्तर नामदेवांच्याच चरित्रात आहे. चोखामेळा मंगळवेढ्याला गावकुसाच्या भिंतीखाली गाडले गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी शोधून पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी नामदेवांनी बांधविली, असे परंपरा सांगते. ज्या मंदिरात चोखोबांना हयातभर प्रवेश नव्हता, त्याच्या दारात मित्राने त्यांना कायमची जागा मिळवून दिली. स्वतः नामदेवांनाही देवळातून उठविले गेल्याची कथा त्यांच्या नावावरील पदात आहे, आणि ते पद गुरु ग्रंथसाहिबात आहे. ज्याला स्वतःला दारातून हाकलले गेले आहे, त्यालाच दुसऱ्याच्या दाराची किंमत कळते. समता हा मैत्रीचा पाया नसेल तर उरतो तो केवळ परिचय, फार तर पाहुणचार. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे तेच मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले आणि देवस्थानाला माघार घ्यावी लागली. त्याच गुरुजींनी अखेरच्या वर्षांत आंतरभारतीचे स्वप्न पाहिले. एक प्रांत दुसऱ्याची भाषा शिकेल, एकाची मुले दुसऱ्याच्या घरी राहतील, हे ते स्वप्न. मंदिर उघडणे आणि प्रांताप्रांतांतील दारे उघडणे ही त्यांच्या लेखी एकच कामगिरी होती.

पंजाब आणि महाराष्ट्र यांच्यातील हे नाते संतांच्या काळाबरोबर संपले असेही नाही. १९१३ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पंजाबी मजूर-शेतकऱ्यांनी गदर पक्ष उभारला. त्यात तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णु गणेश पिंगळे होते. शिकायला परदेशी गेलेला हा तरुण १९१४ च्या अखेरीस बंडाची तयारी करण्यासाठी मायदेशी परतला, आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजी कर्तारसिंग सराभा यांच्यासमवेत लाहोरच्या तुरुंगात फासावर गेला. त्याच लाहोरात २३ मार्च १९३१ रोजी भगतसिंग व सुखदेव यांच्याबरोबर खेडचे शिवराम हरी राजगुरू फाशी गेले. पंजाबनेही या ऋणाची परतफेड केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीच्या सत्याग्रहात पत्रादेवीच्या सीमेवर पोर्तुगीजांच्या गोळीला छाती देणारे कर्नैलसिंग हे पंजाबातील इसरू गावचे शिक्षक होते. गोव्याशी त्यांचे नाते रक्ताचे नव्हते, भाषेचेही नव्हते. गुलामी कोठेही असली तरी ती आपलीच, एवढे एकच नाते होते.

राजगुरूंचा अंत्यविधी जेथे झाला त्या हुसैनीवाल्याची गोष्ट तर राज्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. फाळणीनंतर ती जागा पाकिस्तानच्या हद्दीत गेली होती. १९६१ साली भारताने बारा गावे देऊन ती परत मिळविली, आणि आज तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. सीमा दगडावरची रेघ नसते. लोकांच्या भावनेपुढे दोन वैरी सरकारेही नकाशा पुढ्यात घेऊन बसू शकतात, देवाणघेवाण करू शकतात. करण्याची इच्छा मात्र हवी.

येथवर माणसांच्या वाटांचा विचार झाला. आता मालाच्या वाटेकडे वळावे लागेल, कारण आजच्या जगाचे खरे धोरण तेथे उघडे पडते. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्क्यांपर्यंत कर लादला. कापड निर्यातदार अडचणीत आले आणि त्यांना स्वस्त कच्चा माल मिळावा म्हणून कापसावरील आयात शुल्क उठविण्यात आले. गिरणीचा आणि त्यातील कामगारांचा प्रश्न खराच होता. परंतु या सवलतीची किंमत कोणी मोजायची, हे ठरविताना मानवत, सेलू, जिंतूर, पाथरीच्या कापूस उत्पादकाला कोणी विचारले नाही. सवलतीची मुदत नेमकी अशी होती की दसऱ्यानंतर वेचणी सुरू होऊन नवा कापूस बाजारात येईल तेव्हा बाहेरची रुई आधीच बंदरात उतरलेली असावी. त्याच सप्टेंबरात मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली, बोंडे भिजली, शेते खरवडली गेली. लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झालेला होता. पण खरेदी केंद्रावर ओलाव्याची अट असते, आणि भिजलेल्या कापसाला ती अट दार लावते. म्हणजे टेक्सासच्या कापसाला मुंबई बंदरात अटकाव नव्हता, आणि परभणीच्या कापसाला परभणीच्याच खरेदी केंद्रावर अटकाव होता. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकाला अनुदानाचा भक्कम आधार देते. तो आधार आणि आपल्या शेतकऱ्याची कोरडवाहू शेती यांची झुंज ‘खुली स्पर्धा’ या नावाखाली लावून दिली जाते.

खुलेपणाच्या या तत्त्वज्ञानात एक मोठी लबाडी दडलेली आहे. उत्पादनाची साधने तीन : जमीन, भांडवल आणि श्रम, असे अर्थशास्त्राची जुनी पुस्तके सांगतात. जमीन हलत नाही. भांडवल आज क्षणार्धात एका खंडातून दुसऱ्या खंडात जाते, आणि त्याने भांडवलदाराला अधिक नफा मिळतो म्हणून त्याला ‘सुधारणा’ म्हणतात. श्रमानेही तसेच जावे म्हटले की मात्र तिला ‘घुसखोरी’ म्हणतात. भांडवल हलू शकते आणि श्रम हलू शकत नाही, तेव्हा मजुरीचा सौदा भांडवलाच्याच बाजूने झुकणार, हे सांगायला फार मोठा पंडित लागत नाही. मजूर जेथे अडकलेला असतो तेथे तो स्वस्त असतो. जगभरच्या भिंतींचे अर्थकारण एवढेच आहे.

२०२५ सालानेच याचे दोन ठसठशीत पुरावे दिले. ५ फेब्रुवारीला अमेरिकेच्या लष्करी विमानाने १०४ भारतीयांना अमृतसरला आणून सोडले. त्यांत पंजाब, हरियाणा, गुजरातचे लोक बहुसंख्य होते. महाराष्ट्राचेही तिघे होते. हातांत बेड्या आणि पायांत साखळ्या घालून त्यांना विमानात बसविण्यात आले होते. त्यांनी परवान्याशिवाय सीमा ओलांडली हे खरे, पण परवाना नसणे हा काही बेड्या घालण्याजोगा गुन्हा नव्हे. सप्टेंबरच्या १९ तारखेला त्याच सरकारने दोन आदेश काढले. परदेशी कुशल कामगारासाठी नवा एच-वन-बी अर्ज करणाऱ्या मालकावर एक लाख डॉलरचे शुल्क बसले, आणि दहा लाख डॉलर देणाऱ्यासाठी ‘गोल्ड कार्ड’ नावाचे सुवर्णद्वार उघडले. गरिबाला बेडी, मध्यमवर्गीयाला जकात, धनिकाला पायघड्या! पुण्या-मुंबईच्या, नांदेड-परभणीच्याही ज्या घरांतील मुले संगणकाच्या कामासाठी परदेशी गेली आहेत, त्यांना दुसऱ्या आदेशाने धक्का बसला. पहिल्या आदेशाच्या वेळी मात्र त्यांतील कित्येक घरे गप्प होती. बेडी आणि जकात एकाच कारखान्यात घडते, हे उशिरा कळले.

यात नवे काही नाही. १९१४ साली ‘कोमागाता मारू’ जहाजावरील ३७६ प्रवाशांना, ज्यांत बहुसंख्य पंजाबी होते, कॅनडाने व्हँकुव्हरच्या बंदरात दोन महिने अडवून ठेवले आणि २३ जुलैला बहुतेकांना परत पिटाळले. ते सर्व ब्रिटिश साम्राज्याचेच प्रजाजन होते. साम्राज्याचा माल साम्राज्यभर फिरत होता, प्रजेला ती मुभा नव्हती. सप्टेंबरअखेर ते कलकत्त्याजवळ बजबजला उतरले तेव्हा ब्रिटिश सरकारने गोळीबाराने त्यांचे स्वागत केले. पन्नास वर्षांनी, मे १९६४ मध्ये, डॉ. राममनोहर लोहियांना अमेरिकेतील जॅक्सन शहरी एका उपाहारगृहाने काळ्या कातडीपायी दार लावले, आणि तेथून हलण्यास नकार दिल्याबद्दल त्यांना पोलिसांनी नेले. अटकावाची जागा बदलते, अडवणारा आणि अडवला जाणारा यांचे वर्ग फारसे बदलत नाहीत.

तथापि परदेशांना नावे ठेवण्याआधी घरचे अंगण पाहणे उचित. परभणी जिल्ह्यातून दर वर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. म्हणजे हिशेबात माणसे राहातच नाहीत, हत्यार राहते. कारखान्याच्या तळावर पाचटाची कोप, पहाटेच्या अंधारात फड, पाठीशी लहान मुले, सुटलेली शाळा. हाही प्रवासच आहे, परंतु त्यात मैत्री जुळावी इतकी उसंत नाही आणि समताही नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ साली कायदा झाला. पण परभणीहून सांगली-कोल्हापूरला गेलेला मजूर राज्याच्या आतच फिरतो म्हणून तो त्या कायद्याच्या कक्षेत आला नाही. गंगाखेडच्या जनाबाईंनी जात्यावर बसून देवाला हाताशी बोलावले, अशी भक्तांची श्रद्धा आहे. त्याच तालुक्यातून फडावर जाणाऱ्या बाईच्या हाताशी आज सरकारही येत नाही.

आणि ८ मे २०२० ची ती पहाट कोण विसरेल? टाळेबंदीत काम थांबलेले, जालन्याच्या पोलाद कारखान्यातील मध्य प्रदेशचे मजूर गावाकडे जाणारी गाडी मिळेल या आशेने रुळांच्या कडेने चालत निघाले. करमाडजवळ थकून रुळांवरच झोपले. प्रवासी गाड्या बंद असल्याने या मार्गावर काही धावत नसेल, अशी त्यांची समजूत होती. परंतु मालगाड्या चालू होत्या. सोळा माणसे चिरडली गेली. हा तोच लोहमार्ग, जो परभणी-पूर्ण्यावरून नांदेडला जातो, ज्यावरून सचखंड धावते. माल चालू आणि माणूस बंद, या धोरणाचा इतका भीषण अर्थ याहून वेगळ्या शब्दांत सांगण्याची आवश्यकता नाही.

आता आक्षेपाचा विचार केला पाहिजे, कारण तो वरवरचा नाही. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला दहशतवाद्यांनी २६ निरपराधांची हत्या केली. त्यांत महाराष्ट्राचे सहा जण होते. ज्यांची माणसे गेली त्यांच्यासमोर मैत्रीच्या गोष्टी बोलणे सोपे नाही, बोलूही नये, जोवर मारेकऱ्यांना शासन करण्याचा निर्धार त्या गोष्टींत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी करणे हा राज्याचा अधिकार आहे, कर्तव्यही आहे. प्रश्न इतकाच की करतारपूरचा मार्ग बंद केल्याने शिक्षा कोणाला झाली? ९ नोव्हेंबर २०१९ रोजी उघडलेल्या या मार्गाने व्हिसाशिवाय, पण नाव आधी नोंदवून आणि तपासणी होऊनच भाविक जात. संध्याकाळी परत येत. गुरु नानकांनी जेथे आयुष्याची अखेरची अठरा वर्षे शेती करीत काढली ती जागा पाहून येणारी म्हातारी दहशतवाद्याची वाट सोपी करीत नाही. दहशतवादी व्हिसा मागत नाही. वैराचा व्यापार करणाऱ्या दोन्हीकडच्या लोकांना दोन्हीकडच्या सामान्यांची भेट नको असते. भेट बंद केली की त्यांचेच काम सोपे होते. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुरु नानक जयंतीसाठी शीख जथ्याला ननकाना साहिबला जाऊ देण्यात आले, तेव्हा आकाश कोसळले नाही. तपासणी आणि वाट ही दोन्ही एकत्र नांदू शकतात, हे सरकारने स्वतःच सिद्ध केले.

आजच्या सत्ताधाऱ्यांना या बाबतीत समाजवाद्यांचे ऐकायचे नसेल तर त्यांनी आपल्या पूर्वसूरींचे ऐकावे. १२ एप्रिल १९६४ रोजी डॉ. लोहिया आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी संयुक्त निवेदन काढून भारत-पाक महासंघाची कल्पना मांडली होती. ती तेव्हा अव्यवहार्य ठरविण्यात आली. त्यानंतरच्या साठ वर्षांत दोन मोठी युद्धे, कारगिल आणि अगणित हत्याकांडे झाली. व्यवहारवादाने काय साधले, याचा हिशेब कोणी देत नाही. विनोबांच्या पदयात्रेत घडलेल्या नागपूरच्या निर्मला देशपांडे यांनी कारगिलनंतर लगेच, मार्च २००० मध्ये, दिल्लीहून लाहोरला स्त्रियांची शांतता बसयात्रा नेण्यात पुढाकार घेतला. पंजाब पेटलेला असताना, १९८५-८६ साली, बाबा आमट्यांनी तरुणांना सायकलींवर घेऊन कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत ‘भारत जोडो’ यात्रा काढली. ही माणसे भाबडी नव्हती. द्वेष पसरवणारा गावोगाव फिरत असेल तर स्नेह जोडणाऱ्याने घरी बसून चालत नाही, एवढे त्यांना कळत होते.

निर्वासितपणा काय असतो, हे मराठवाड्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. १९४७-४८ साली रझाकारांच्या अत्याचाराने गांजलेली कुटुंबे हद्द ओलांडून वऱ्हाडात, खानदेशात, सोलापूरकडे गेली आणि तेथील लोकांनी त्यांना आसरा दिला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, आणि त्यानंतर सूडाच्या लाटेत सामान्य मुसलमानांची जी हानी झाली ती पंडित सुंदरलाल समितीने नोंदवून ठेवली. सर्व संस्थानात मिळून २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा तिचा अंदाज होता. दोन्ही दुःखे याच भूमीची आहेत. एकाचे स्मरण करून दुसरे विसरणाऱ्याला मुक्तिसंग्रामाचा वारसा सांगण्याचा अधिकार नाही. जे स्वतः कधी काळी दुसऱ्याच्या ओसरीवर झोपले, त्यांनी जगातील कोणत्याही निर्वासिताकडे पाहताना आधी ती ओसरी आठवावी.

भिंती देशाच्या सीमेवरच असतात असेही नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला तेव्हा परभणी-नांदेडकडच्या खेड्यांत दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडावा लागला. २०२१ च्या आरंभी दिल्लीच्या वेशीवर पंजाबच्या शेतकऱ्यांना रोखण्यासाठी रस्त्यात खिळे ठोकण्यात आले. १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली; त्यानंतरच्या धरपकडीत पकडलेला कायद्याचा एक विद्यार्थी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत मरण पावला. ज्या संविधानाच्या उद्देशिकेत बंधुता हा शब्द आहे त्याचीच प्रतिकृती फोडली गेली, आणि कायदा शिकणाऱ्यालाच कायद्याने वाचविले नाही. चोखोबांवर कोसळलेली भिंत अजून पुरती हटलेली नाही, असाच याचा अर्थ.

म्हणून काही मागण्या स्पष्ट शब्दांत मांडल्या पाहिजेत. करतारपूरसारखे यात्रामार्ग दोन सरकारांच्या रागलोभातून वगळून, तपासणीसह बारमाही खुले ठेवण्याचा करार व्हावा. विद्यार्थी, लेखक, वृद्ध आणि विभागलेली कुटुंबे यांना व्हिसा सुलभ व्हावा. शेतमालावरील आयात शुल्क उठविण्याचा निर्णय हंगामाच्या तोंडावर, उत्पादकांच्या संघटनांना न विचारता घेतला जाऊ नये. राज्यांतर्गत स्थलांतरित मजुरांची, विशेषतः ऊसतोड कुटुंबांची, गावातून निघतानाच नोंद व्हावी, आणि तळावर रेशन, दवाखाना, मुलांची शाळा यांची जबाबदारी कारखान्यांवर कायद्याने टाकावी. शेवटची मागणी सरकारकडे नव्हे, समाजाकडे आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाने आणि अमृतसरच्या गुरु नानक देव विद्यापीठाने दर वर्षी काही विद्यार्थी अदलाबदलीने पाठवावेत. परभणीच्या मुलाने गुरदासपूरच्या शेतकऱ्याच्या घरी सहा महिने राहून गुरुमुखी शिकावी, तिकडच्या मुलीने गंगाखेडला राहून मराठी शिकावी. यासाठी लागणारा खर्च एखाद्या संमेलनाच्या मांडवाहून अधिक होणार नाही.

आंतरभारतीची सुरुवात याहून लहान असू शकत नाही, आणि याहून मोठी असण्याचीही गरज नाही. नामदेवांनी घुमानची वाट धरली तेव्हा त्यांना कोणी निमंत्रण धाडले नव्हते.